कोणता रकाना कोणाला दिसावा?

सरकारी अर्ज म्हटला की रकाने आलेच. नाव, पत्ता, वय, व्यवसाय असे एकापाठोपाठ एक रकाने भरताना सामान्य माणसाचे लक्ष असते ते अर्ज एकदाचा स्वीकारला जातो की नाही याकडे. भरलेला प्रत्येक रकाना पुढे कोणाकोणाच्या नजरेखालून जाणार, त्यातला कोणता दाखल्यावर छापला जाणार आणि कोणता कायमचा पडद्याआड राहणार, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः अर्ज कागदावरून संगणकावर आल्यापासून हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला आहे. बँका, विमा कंपन्या, कारखाने आणि शासकीय कार्यालये यांच्यातील कामाचा प्रवास आज सॉफ्टवेअरच्या आधारे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर होतो. या सॉफ्टवेअरमध्ये ‘रकाना दाखवणे’ आणि ‘रकाना लपवणे’ ही वरवर किरकोळ वाटणारी सोय असते. पण तिच्यावर कधी एखाद्या कुटुंबाची अब्रू, तर कधी त्याचा हक्काचा पैसा अवलंबून असतो.

हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीच्या पेठेतील कोणत्याही घराचा संबंध ज्याच्याशी हटकून येतो, तो जन्म-मृत्यू नोंदणीचा अर्ज उदाहरण म्हणून पुरेसा आहे.

एक अर्ज, अनेक वाचक

पेठेतील एखाद्या घरी वृद्ध व्यक्तीचे निधन झाले, तर त्याची माहिती निबंधकाला देण्याची पहिली जबाबदारी कुटुंबप्रमुखावर असते. हेच निधन सीपीआर अर्थात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात किंवा खासगी इस्पितळात झाले, तर ती जबाबदारी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाते. पंचगंगा स्मशानभूमीसारख्या ठिकाणच्या व्यवस्थापकावरही मृत्यूची खबर देण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देतो. ही सारी माहिती महापालिकेच्या निबंधकाकडे जमा होते, तो तिची नोंद करतो आणि नातेवाइकांना दाखला मिळतो. नोंदीतील आकडेवारी त्यापुढे राज्याच्या मुख्य निबंधकांकडे आणि भारताच्या महानिबंधकांकडे जाते.

म्हणजे घटना एक, अर्ज एक. पण तो भरणारे आणि वाचणारे अनेक. यातील प्रत्येकाला सगळेच दिसण्याची गरज आहे काय? दाखला घेऊन बँकेत जाणाऱ्या वारसाला, किंवा तो दाखला पाहणाऱ्या बँकेच्या कारकुनाला, मृत व्यक्ती किती वर्षे तंबाखू खात होती हे कळण्याचे प्रयोजन नाही. आरोग्य खात्याच्या संख्याशास्त्रज्ञाला मात्र नेमकी तीच माहिती हवी असते. नावाशी त्याला कर्तव्य नसते.

कागदानेच घातलेला पायंडा

ही अडचण संगणकाच्या कितीतरी आधी कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आली होती. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ साली झाला. त्यातील कलम १७ नुसार कोणालाही ठरावीक शुल्क भरून नोंदवहीत शोध घेता येतो आणि नोंदीचा उतारा मागता येतो. परंतु मृत्यूसंबंधी दिल्या जाणाऱ्या कोणत्याही उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड होता कामा नये, अशी स्पष्ट अट त्याच कलमात आहे. आजच्या भाषेत सांगायचे, तर ‘मृत्यूचे कारण’ हा रकाना निबंधकाला दिसेल, दाखल्यावर मात्र दिसणार नाही, असा नियम संसदेने संगणकाविनाच लिहून ठेवला.

पुढे १९९९ च्या आदर्श नियमांनी नमुन्यांची फेररचना केली. जन्माच्या खबरीचा नमुना १ आणि मृत्यूच्या खबरीचा नमुना २ यांचे दोन भाग पाडण्यात आले. एक कायदेशीर माहितीचा, दुसरा सांख्यिकीय माहितीचा. नाव, लिंग, तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावे ही माहिती पहिल्या भागात. धर्म, शिक्षण, व्यवसाय, आईचे लग्नाच्या वेळचे वय, बाळाचे वजन, प्रसूतीचा प्रकार ही माहिती दुसऱ्या भागात. मृत्यूच्या नमुन्यात आजाराचे नाव आणि धूम्रपान, तंबाखू, सुपारी-पानमसाला, मद्य यांच्या सवयी सांख्यिकीय भागात विचारल्या जातात. नोंद झाल्यावर कायदेशीर भाग निबंधकाकडे राहायचा आणि सांख्यिकीय भाग वेगळा काढून आकडेवारीसाठी पुढे पाठवायचा, अशी ही पद्धत. जे एकाला पाहायचे नाही ते त्याच्यापासून कात्रीने वेगळे करायचे, इतका हा उपाय साधा आणि खात्रीचा होता.

संगणकावर रकाना लपतो कसा?

महाराष्ट्रातील या नोंदी आता भारताच्या महानिबंधकांच्या ‘नागरी नोंदणी प्रणाली’च्या संकेतस्थळावर होतात. अशा कोणत्याही प्रणालीत कात्रीचे काम नियम करतात. हे नियम सर्वसाधारणपणे तीन प्रश्नांवर उभे असतात.

पहिला प्रश्न, पाहणारा कोण? खबर देणारा, कारकून, निबंधक, जिल्हा निबंधक अशी प्रत्येकाची भूमिका त्याच्या लॉगिनशी जोडलेली असते. दुसरा प्रश्न, काम कोणत्या टप्प्यावर आहे? अर्ज भरताना खुला असलेला रकाना मंजुरीनंतर नुसता वाचण्यापुरता उरतो. तिसरा प्रश्न, आधीच्या रकान्यात काय उत्तर आले आहे? ‘सवय होती’ असे उत्तर आल्याशिवाय ‘किती वर्षे?’ हा पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांवरून प्रत्येक रकान्याची अवस्था ठरते. तो भरणे सक्तीचे असेल, ऐच्छिक असेल, फक्त वाचता येईल किंवा मुळीच दिसणार नाही. मोठ्या उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ‘सॅप’ या सॉफ्टवेअरमध्ये हिशेबाच्या नोंदीतील रकान्यांसाठी याच धर्तीचे पर्याय अनेक वर्षांपासून आहेत. १९८९ साली बाजारात आलेल्या ‘लोटस नोट्स’मध्ये अमुक अट पूर्ण झाली की मजकूर लपवावा, असे सूत्र प्रत्येक परिच्छेदाला लावता येत असे. कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरची नावे बदलली, मात्र ही मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. रकाना लपवणे आणि रकाना गोठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंधकाने मंजूर केलेली जन्मतारीख कारकुनाला बदलता येऊ नये, पण दिसली पाहिजे. अन्यथा तो नागरिकाच्या शंकेचे निरसन कसे करणार? तेथे गोठवणे योग्य. मृत्यूचे कारण दाखल्यावर दिसताच कामा नये. तेथे लपवणे आवश्यक. अनेक कार्यालयांत हा भेद न पाळल्याने एकतर सगळ्यांना सगळे दिसते, नाहीतर ज्याला काम करायचे त्यालाच काही दिसत नाही.

अटी घालताना होणारी फसगत

तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे उत्तरावर अवलंबून असलेले नियम दिसायला सर्वांत सोपे आणि प्रत्यक्षात सर्वांत फसवे. मृत्यूच्या नमुन्यातील एक प्रश्न पाहावा. मृत व्यक्ती स्त्री असेल, तर मृत्यू गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा गर्भावस्था संपल्यापासून सहा आठवड्यांच्या आत झाला काय, असे तेथे विचारलेले असते. मातामृत्यूंचा माग काढण्याच्या दृष्टीने हा प्रश्न मोलाचा आहे. कागदावर तो प्रत्येक अर्जात छापलेला असतो आणि ज्याला लागू नाही तो पुढे जातो. संगणकावर मात्र तो पुरुषाच्या नोंदीत दिसू नये, अशी अट घालणे स्वाभाविक आहे.

पुढे कोणी असा विचार करील की, ऐंशी वर्षांच्या आजीबाईंच्या नोंदीत किंवा चार वर्षांच्या मुलीच्या नोंदीतही हा प्रश्न नको. म्हणून वयाचीही अट घालावी. अट कोणत्या वयाची? लोकसंख्याशास्त्रात १५ ते ४९ हा जननक्षम वयोगट मानण्याचा प्रघात आहे. तीच मर्यादा डोळे झाकून अर्जाला लावली, तर चौदाव्या वर्षी बाळंतपणात दगावलेल्या मुलीच्या नोंदीत हा प्रश्न उमटणारच नाही. माहिती भरणाऱ्याला तो विचारला गेला नाही हेसुद्धा कळणार नाही, आणि आकडेवारीत तो मातामृत्यू हरवून जाईल. ज्या मृत्यूची दखल सर्वांत आधी घ्यायला हवी, नेमका तोच अदृश्य होईल. कागदावरचा रिकामा रकाना निदान रिकामा दिसतो. न उमटलेला रकाना मात्र आपल्यामागे कोणतीच खूण ठेवत नाही.

उशिरा होणाऱ्या नोंदींचेही असेच आहे. जन्म किंवा मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते. ३० दिवसांनंतर, पण एक वर्षाच्या आत, शुल्काबरोबर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. आणि एक वर्ष उलटल्यावर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. यातील शेवटची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने आली. तत्पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. आता अर्जातील ‘आदेश क्रमांक’ हा रकाना केव्हा दिसावा, हे दोन तारखांमधील अंतरावर ठरते. कायदा बदलला की हा नियमही बदलावा लागतो. तसेच घटनेची तारीख टंकताना वर्ष चुकले, तर नको तो रकाना सक्तीचा होऊन अर्ज अडकून बसतो, आणि तो का अडकला हे खिडकीच्या अलीकडच्या व पलीकडच्या दोघांनाही उमगत नाही.

आणखी एक सूक्ष्म प्रश्न आहे. ‘सवय होती’ असे निवडून कोणी ‘वीस वर्षे’ भरले आणि नंतर उत्तर बदलून ‘सवय नव्हती’ केले. आता ‘किती वर्षे’ हा रकाना पडद्यावरून नाहीसा होईल. पण त्यातील ‘वीस’ या आकड्याचे काय? काही सॉफ्टवेअर तो पुसून टाकतात, काही तसाच जपून ठेवतात. जपून ठेवला, तर पुढील अहवालात कधी व्यसनच न केलेला माणूस वीस वर्षांचा व्यसनी ठरू शकतो. पुसून टाकला, तर चुकून एक बटण दाबले गेल्याने खरी माहिती नष्ट होऊ शकते. यातील कोणताही मार्ग पत्करला, तरी तो आधी ठरवून पत्करला पाहिजे.

पडद्याआड म्हणजे सुरक्षित नव्हे

रकाना पडद्यावर दिसत नाही, म्हणजे ती माहिती पाहणाऱ्यापर्यंत पोहोचलीच नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. संकेतस्थळाचे पान म्हणजे सर्व्हरने धाडलेला मजकूर असतो आणि तो कसा मांडायचा हे वाचकाच्या संगणकातील ब्राउझर ठरवतो. ‘हा भाग दाखवू नकोस’ अशी सूचना त्या मजकुरात असली, तरी मजकूर वाचकाच्या यंत्रावर आलेला असतोच. पानाचा मूळ मजकूर उघडून पाहण्याची सोय तर प्रत्येक ब्राउझरमध्ये असते.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये याचा प्रत्यय आला. तेथील शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शिक्षकांची पात्रता पाहण्याची सोय होती. शिक्षकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक पानावर दिसत नव्हते, मात्र पानाच्या मूळ मजकुरात ते उपलब्ध होते. ‘सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच’ या वृत्तपत्राच्या वार्ताहराला ही गोष्ट आढळली. वृत्तपत्राने आधी खात्याला कळवले आणि दोष दूर झाल्यावर बातमी छापली. तरीही राज्यपाल माइक पार्सन यांनी वार्ताहरावर कारवाईची भाषा केली. अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने गुन्हा दाखल न करण्याचा निर्णय जाहीर केला. दोष शोधणाऱ्याचा नव्हता. लपवणे आणि न पाठवणे यांतील फरक न ओळखणाऱ्या रचनेचा होता.

संकेतस्थळांच्या सुरक्षिततेविषयी काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेने २०२१ साली धोक्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात पहिले स्थान कोण काय पाहू व करू शकतो यावरील नियंत्रणातील त्रुटींना होते. म्हणून नियम असा की, लपवण्यासाठी घातलेला पडदा ही वापरणाऱ्याची सोय समजावी, कुलूप समजू नये. ज्याला माहिती पाहण्याचा अधिकार नाही, त्याच्याकडे ती सर्व्हरने पाठवूच नये. कागदावरच्या कात्रीचे संगणकातील खरे रूप हेच होय. हा नियम छापील प्रत, डाउनलोड केलेली फाइल, एसएमएस, ई-मेल आणि वरिष्ठांकडे जाणारे तक्ते या सगळ्यांना सारखाच लागू पडतो. कारण पडद्यावर कसोशीने लपवलेला रकाना एक्सेलच्या तक्त्यात उघडा पडण्याचा संभव असतो.

मृत्यूच्या कारणाबाबत हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. पेठेत माणसे एकमेकांना ओळखतात. आत्महत्या, क्षयरोग, एचआयव्ही यांसारखी नोंद बाहेर फुटली, तर मागे राहिलेल्या कुटुंबाला तिचे चटके दीर्घकाळ बसतात. सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने अशी माहिती उघड करण्यावर बंधने घातली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले आहे.

लपवण्याचीही किंमत असते

मग जास्तीत जास्त रकाने लपवले की प्रश्न सुटला काय? तसे नाही. करोनाच्या साथीने याची दुसरी बाजू दाखवून दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर करोनाने मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साह्य देण्याचे ठरले. त्यासाठी मृत्यू करोनानेच झाल्याचा पुरावा हवा होता. आणि कुटुंबांच्या हाती असलेल्या दाखल्यावर तर कायद्यानुसारच कारण छापलेले नव्हते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून जिल्हास्तरावर समित्या नेमण्याची तरतूद केली. कुटुंबाच्या रक्षणासाठी लपवलेला रकाना त्याच कुटुंबाच्या हक्काआड येतो की काय, अशी स्थिती निर्माण झाली होती.

२०२३ च्या दुरुस्तीने यावर नेमका तोडगा काढला. रुग्णालयात मृत्यू झाल्यास कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला विनामूल्य देण्याबरोबरच त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही देण्याचे बंधन आले. दाखल्यावर मृत्यूचे कारण न छापण्याचे तत्त्व कायम राहिले. ही माहिती जगाला दिसू नये, जवळच्याला मिळावी, हा विवेक कायद्याने केला. रकाना ‘दिसावा की नाही’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणाला, केव्हा आणि कशासाठी’ हे जोडल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

वडिलांच्या नावाच्या रकान्याचेही तसेच. हा रकाना सक्तीचा ठेवला, तर एकल मातेला खोटे लिहावे लागते किंवा अर्जच सोडून द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्र दिल्यास तिच्या अपत्याला जन्मदाखला दिला जावा, असा निर्वाळा दिला. २०२३ च्या दुरुस्तीत एकल पालक व अविवाहित माता यांचा खबर देणाऱ्यांमध्ये स्पष्ट उल्लेख झाला. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरवण्यात आला. एका रकान्याची जागा आणि सक्ती बदलली की समाज एका नात्याकडे कसा पाहतो, तेही बदलते.

बाळाचे नाव हा मात्र जाणूनबुजून ऐच्छिक ठेवलेला रकाना आहे. बारशाआधीच नोंद करावी लागते, म्हणून नावाशिवाय जन्म नोंदवता येतो. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. लोकांच्या रीतीभातींशी जुळवून घेणारा नियम कसा असावा, याचे हे चांगले उदाहरण होय.

काय पाहावे?

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी यांकरिता जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखल्याला निर्णायक महत्त्व आले आहे. राष्ट्रीय पातळीवर नोंदींचा एकत्र साठा करून तो केंद्र सरकारच्या मान्यतेने अन्य यंत्रणांना पुरवण्याची तरतूदही कायद्यात झाली आहे. एका अर्जातील माहितीचा प्रवास असा लांबत असताना काही पथ्ये पाळणे अगत्याचे ठरते.

कार्यालयांनी प्रत्येक रकान्यापुढे तो कोणी भरायचा, कोणी वाचायचा, कोणी बदलायचा आणि कशासाठी, याचा तक्ता आधी कागदावर मांडावा. सॉफ्टवेअर त्यानंतर यावे. लपवण्याची अट घालताना ती चुकली तर कोणाची नोंद हरवेल, हा प्रश्न विचारावा. प्रत्येक भूमिकेच्या लॉगिनने अर्ज उघडून, छापून आणि डाउनलोड करून तपासावा. एकाच लॉगिनवर सारे कार्यालय काम करीत असेल, तर भूमिकेवर आधारलेले सगळे नियम निरर्थक ठरतात, हे विसरू नये. रकाना कोणी पाहिला आणि कोणी बदलला, याची नोंद आपोआप राहावी.

नागरिकांनीही अर्ज दाखल करण्यापूर्वी पडद्यावरील उत्तरांची छापील किंवा पीडीएफ प्रत वाचून पाहावी. अपेक्षित रकाना दिसत नसेल, तर त्याआधीच्या प्रश्नाचे उत्तर व तारखा तपासाव्यात. दोष बहुधा तेथेच असतो. रुग्णालयात मृत्यू झाला असल्यास कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. दाखल्यावर कारण छापलेले नाही म्हणून तक्रार करण्याची गरज नाही. तो रकाना विसरलेला नसून कायद्याने विचारपूर्वक झाकलेला आहे.